हाक मारणारं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा एक भाचा गाडी चालवतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा म्हणून ओळखला जाणारा मोटारींचा कारखाना आहे. तिथं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना पुण्याहून रांजणगावला न्यायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे त्याचं काम. एके दिवशी शिक्रापूरच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली. मागच्या सीटवर एक वयस्कर इटालियन इंजिनिअर बसले होते. अर्धा तास झाला, गाडी हलेना. मग त्या गृहस्थांनी डोळे मिटले आणि ते आपल्याच तंद्रीत गाऊ लागले. आवाज काही गवयाचा नव्हता. पण भाचा सांगत होता, "मामू, कळलं काहीच नाही, पण पोटात कालवलं." पाहुण्यांनी त्याला ते गाणं फोनवर मूळ गायकाच्या आवाजात ऐकवलं. भाच्यानं ते माझ्यासाठी आणलं, कारण घरात कविता करणारा म्हणून मीच बदनाम आहे.

ते गाणं नेपल्सचं होतं. नेपल्स हे दक्षिण इटलीतलं समुद्रकाठचं मोठं शहर. तिथली प्रेमगीतं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगभर गेली. ती प्रमाण इटालियन भाषेत नाहीत, नेपल्सच्या बोलीत आहेत. 'ओ सोले मियो' हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं गाणं १८९८ सालचं. त्याचे शब्द जिओव्हानी कापुर्रो यांचे आणि चाल एदुआर्दो दी कापुआ यांची. कारुसो हा जगद्विख्यात गायक याच शहरात १८७३ साली जन्मला आणि त्यानं ही गाणी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर गायली. भाच्यानं आणलेलं गाणं होतं 'तोर्ना आ सुर्रियेंतो', म्हणजे 'सोरेंटोला परत ये'.

मी ते रात्री ऐकलं. पहिल्या ओळींत सूर खाली, दबलेला. मग मध्येच एखादी खिडकी उघडावी तसा तो मोकळा होतो, आणि पुन्हा मिटतो. तीनदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की हे आपण ऐकलेलं आहे. नेपल्स मी नकाशावरही नीट पाहिलेलं नाही. ऐकलं होतं ते चौफुल्यावर.

चौफुला आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्ग आणि शिरूरहून न्हावऱ्यावरून साताऱ्याकडे जाणारा रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, ती जागा. बोरमलनाथाचं देऊळ आहे, हॉटेलं आहेत, आणि लावणीची कला केंद्रं आहेत. चौफुल्याचं नाव काढलं की आजही चारचौघांत कुणीतरी डोळा मिचकावतो. मीही तरुणपणी मिचकावला आहे. त्याची लाज वाटते म्हणूनच आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे दौंड तालुका. माझे अब्बा दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. आम्ही मुलं आणि अम्मा गावाकडे. थोडी जमीन होती, ती सोडून सगळ्यांनी दौंडला राहणं परवडणारं नव्हतं. अब्बा पंधरा दिवसांनी यायचे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की महिनाही लोटायचा. अंतर पाहिलं तर काही तासांचं, पण विरह हा किलोमीटरमध्ये मोजत नाहीत.

अब्बा आले, की त्यांच्या पिशवीत गुडदाणीचा पुडा आणि ट्रान्झिस्टर असायचा. अम्मा-अब्बांना एकमेकांशी प्रेमानं बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्या पिढीत तशी रीतच नव्हती, हिंदूंच्यात नव्हती आणि आमच्यातही नव्हती. बोलणं असायचं ते बियाण्याचं, फीचं आणि पत्र्याच्या गळक्या पन्हळीचं. एकदा रात्री रेडिओवर सुलोचनाबाई चव्हाणांची लावणी लागली. अब्बा बाजेवर पडले होते, अम्मा उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी हात लांब करून ट्रान्झिस्टरचा आवाज थोडा वाढवला. अम्माची सुपातली बोटं थांबली. मी विचारलं, "आवाज का वाढवला?" अम्मा मान खाली घालूनच म्हणाली, "तेरे अब्बाकू कम सुनाई देता."

अब्बांना इंजिनाच्या आवाजावरून त्यातला बिघाड कळायचा. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.

श्रोतेहो, नेपल्सची गाणी असोत की आपली विरहाची लावणी, या गाण्यांचं काळजाला हात घालणं नेमकं कशात आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलं ते असं, की ही गाणी प्रेमाचं वर्णन करत बसत नाहीत. ती हाक मारतात. समोर नसलेल्या माणसाला 'तू' म्हणून हाक मारतात. वर्णन आपण बाहेर राहून ऐकतो. हाक आली, की मान वळतेच. ती आपल्याला नसली तरी वळते.

आणि हाक कुठं जन्मते? जिथून माणसं निघून जातात तिथं. पेशवाईतला महाराष्ट्र आठवा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघायच्या त्या पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायच्या, आणि सगळेच परत यायचे असंही नाही. मागं राहिलेल्या बाईच्या तोंडी शाहिरांनी लावण्या घातल्या. त्या शाहिरांत रामजोशी होते, होनाजी-बाळा होते, प्रभाकर होते, आणि सगनभाऊ होते. सगनभाऊ १७७८ सालचे, जन्म आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीचा, धर्मानं मुसलमान, धंदा शिकलगाराचा. दिवसा तलवारींना धार लावायची आणि त्याच तलवारी घेऊन गेलेल्या शिपायांच्या बायकांचं दुःख मराठीत गायचं! मुसलमान असून मराठीत कसं लिहिता, असं मला कुणी कौतुकानं विचारलं, की मी सगनभाऊंचं नाव सांगतो. आमच्या शिरूर तालुक्यातले कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर याच वाटेवरचे. त्यांची लावण्या-वगांची शब्दकळा तमाशाच्या फडांवरून गावोगाव गेली. २०१८ चा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ मध्ये ते गेले. दखनी बोलणाऱ्या घरातून मराठी लावणी निघते यात आम्हाला कधी काही नवल वाटलं नाही.

पुढं फौजा संपल्या आणि गिरण्या आल्या. पुणे, सातारा, कोकण इथला तरणा गडी मुंबईला गेला, बायको गावाला राहिली. गिरणगावातल्या हनुमान थिएटरात तमाशा बघायला जो कामगार गर्दी करायचा, तो काही केवळ करमणुकीसाठी जात नव्हता. त्याला तिथं गावाकडची हाक ऐकू यायची. अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना' लिहिली ती याच माणसासाठी. तिच्यात गावी राहिलेली बायको आणि महाराष्ट्रापासून तुटू पाहणारी मुंबई ही दोन दुःखं त्यांनी एकत्र बांधली.

नेपल्सचंही तेच झालं. १८८० ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे एक कोटी तीस लाख माणसं पोटासाठी देश सोडून गेली, त्यांतली पुष्कळशी गरीब दक्षिणेकडची. ती अमेरिकेत गेली आणि गाणी बरोबर घेऊन गेली. 'कोरे न्ग्रातो', म्हणजे 'कृतघ्न काळीज', हे नेपल्सच्या बोलीतलं अत्यंत गाजलेलं गाणं तर १९११ साली अमेरिकेतच जन्मलं, तिथं गेलेल्या इटालियन माणसांच्या हातून. आईची भाषा दूर राहिली, की ती गाण्यात जास्त दाटून येते.

'सोरेंटोला परत ये' या गाण्याची एक गंमत सांगतात. सोरेंटो हे नेपल्सजवळचं छोटं गाव. १९०२ साली इटलीचे पंतप्रधान झानार्देल्ली तिथं आले. गावाला टपाल कचेरी हवी होती. पाहुण्यांना आपल्या आश्वासनाची आठवण राहावी म्हणून दे कुर्तिस या दोघा भावांचं हे गाणं त्यांच्यापुढं सादर झालं, अशी ती कथा. खरी-खोटी देव जाणे! पण मला ती आवडते. समजा, हाक पंतप्रधानांना टपाल कचेरीसाठी मारलेली होती. तरी ऐकणाऱ्या लाखोंनी तिच्यात आपापलं माणूस बसवलं. चांगल्या प्रेमगीतात एक पाट मांडून ठेवलेला असतो. त्यावर कोण बसेल, हे कवी ठरवत नाही.

आता थोडं सुरांबद्दल. मी गवई नाही, पण कानानं जे कळलं ते सांगतो. मघाशी म्हटलं ती उघडणारी आणि मिटणारी खिडकी आपल्या भाषेत सांगायची, तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार. नेपल्सच्या अनेक गाण्यांत दुःखी छटेचे सूर अचानक उजळतात आणि पुन्हा मावळतात. आपल्याकडे पिलू रागात हे दोन्ही गंधार नांदतात, आणि बैठकीच्या लावणीला पिलू फार जवळचा. दुःख आणि आशा अशा अर्ध्या सुराच्या अंतरावर शेजारी शेजारी राहतात. 'तो येणार नाही' आणि 'आला तर?' यांत तेवढंच अंतर असतं.

लावणी म्हटलं, की आता लोकांच्या डोळ्यांपुढं घुंगरांचा ठेका आणि शिट्ट्या येतात. पण बालेघाटी नावाचा लावणीचा एक प्रकार आहे, तो विरहाचा. बैठकीत गाणारी कलावंत बसूनच गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा त्या ओळीत राग असतो, दुसऱ्यांदा लाडीगोडी, तिसऱ्यांदा भीती. चौथ्यांदा ती नुसती दाराकडे बघते आणि ओळ पेटीवर पुरी होते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीसाठी नावाजल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या. शब्द तेच ठेवून अर्थ बदलत नेणं ही मोठी विद्या आहे. वाट पाहणाऱ्या माणसाचं मनही असंच एका ओळीवर फिरत असतं, म्हणून ते पटतं.

ही विद्या मला चौफुल्यावर एका बाईंनी शिकवली. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. अभ्यासाला रामजोशी आणि होनाजी होते. त्यांच्या लावण्यांतली अलंकारांची नावं आम्ही पाठ केली. पण कॉलेजपासून तासाभराच्या वाटेवर लावणी जिवंत गायली जाते, हे वर्गात कुणी काढायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही. पस्तिशीत एका पेटीवाल्या मित्रानं मला आग्रह केला, "तू कवी ना, मग आमच्या बाईंना एक लावणी लिहून दे." मी लिहिली. चंद्र घातला, मोगरा घातला, विरहाच्या आगीचे तीन दृष्टांत घातले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. बाई पोरीच्या डोक्याला तेल लावत होत्या. मी वाचून दाखवली.

बाई म्हणाल्या, "भाई, ह्यातली बाई लई बोलतीया."

मी गप्प.

"कोन गेलंय तिचं? किती दिस झालं?"

मला सांगता येईना. मी तो विचारच केला नव्हता. बाई म्हणाल्या, "गेल्याला चार दिस झालं आसलं तर बाई भांडंल. म्हैना झाला आसलं तर रडंल. वरीस झालं आसलं तर काय न्हाय करनार. घरातलं काम करंल आन् मधीच दाराकडं बघंल. तुमी आधी ठरवा."

मी घरी आलो आणि ठरवलं. महिना झाला आहे, नदीला पूर आहे. ती तांदूळ निवडते आहे. सोळा ओळींच्या सहा राहिल्या. बाईंनी त्या गायल्या. मैफलीत मागच्या बाजूला एक ट्रकवाला बसला होता. तो फेट्याच्या शेवानं डोळे पुसताना मी पाहिला. नंतर मी फुशारकीनं बाईंना म्हटलं, "तुमच्या गाण्यानं माणूस रडला." त्या घुंगरू सोडत होत्या. म्हणाल्या, "रडंना. पर त्यो माझ्यासाठी न्हाई रडला, भाई. त्यो त्याच्या घरच्यासाठी रडला."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. श्रोतेहो, या कलावंत घराण्यांत पिढ्यान् पिढ्या असा रिवाज चालत आला, की जी मुलगी नाचगाण्याला उभी राहते तिचं लग्न होत नाही. तिच्या कमाईवर भावांची लग्नं होतात, त्यांचे संसार उभे राहतात. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात १९९४ साली हे सगळं जगापुढं मांडलं. म्हणजे बघा, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं आपल्याला कुणी दिलं? जिला नवऱ्याची वाट पाहण्याचा हक्कच रिवाजानं ठेवला नाही तिनं. तिच्या आवाजात आपण आपली माणसं आठवली, डोळे पुसले, घरी गेलो. आणि सकाळी चारचौघांत चौफुल्याचं नाव निघालं, तर डोळा मिचकावला.

आमच्या घरातही तेच होतं. अब्बा रेडिओवर लावणी ऐकायचे, पण मी लावणी लिहिली हे कळल्यावर म्हणाले, "ग़ज़ल लिख, इज्जत का काम कर." मी ग़ज़लाही लिहिल्या. पण अब्बांना अम्माला जे सांगायचं होतं, ते कुठल्या ग़ज़लेनं सांगितलं नव्हतं. ते लावणीनंच सांगितलं होतं. त्या गाण्याचं देणं आमच्या घरावर आहे. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांवर आहे.

ते फेडायचं कसं? फार मोठं काही करायला नको. लावणी ऐकताना तिची कविता ऐकावी. ती गाणारीचं नाव विचारावं आणि ते आदरानं घ्यावं, 'बाई' म्हणून. तिच्या मुलीला शाळेत दाखल करताना बापाच्या नावाच्या रकान्यावर कुणी हसू नये. आणि बालेघाटीसारखी संथ लावणी मागणारे चार कान तरी मैफलीत असावेत, कारण फर्माईशच झाली नाही तर गाणारी ते गाणं कुणासाठी जपून ठेवील?

हाकेची गरज काही संपलेली नाही. आज रांजणगावच्या वसाहतीभोवती खोल्याखोल्यांत बिहारची, उत्तर प्रदेशची, मराठवाड्याची पोरं राहतात. रात्रपाळी सुटली, की कानात गाणं घालून चहाच्या टपरीवर उभी असतात. एकदा एका भोजपुरी पोराला मी विचारलं, काय ऐकतोस? तो लाजला आणि म्हणाला, "बिदेसिया." भिखारी ठाकूर यांचं ते नाटक परमुलखात गेलेल्या नवऱ्याचं आणि मागं राहिलेल्या बायकोचं आहे. त्यांतली गाणी त्याच्या आजीला येत होती म्हणे. शिक्रापूरच्या चौकात अडकलेला नेपल्सचा म्हातारा, टपरीवरचं हे पोर आणि बाजेवर पडलेले माझे अब्बा, तिघं एकच गाणं ऐकत होते असं मला वाटतं. फक्त भाषा वेगळ्या.

अब्बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अम्मा त्यांच्यानंतर नऊ वर्षं होती. शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ फोन घेऊन बसायचो, कव्वाली लावायचो, नात लावायचो. एकदा ती म्हणाली, "वो लगा ना."

मी विचारलं, "कौनसा, अम्मा?"

तिला गाण्याचे शब्द आठवत नव्हते. गाणारीचं नावही आठवत नव्हतं. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "वो, जिसकू तेरे अब्बा आवाज बढाते थे."

मी ते लावलं, आणि आवाज थोडा वाढवला.